चवथीला घर भरलेलं, टीव्ही एकच : जुना चित्रपट लावावा की नवा?

चवथीच्या दिवसांत गोव्यातली मूळ घरं भरतात. मुंबईहून, पुण्याहून, वास्को-मडगावहून माणसं येतात. आरत्या झाल्या, घुमटं, म्हणजे आरतीची मातीची वाद्यं, जागेवर गेली, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतं, सगळ्यांनी बसून एखादा मराठी चित्रपट बघूया. तिथे दोन तट पडतात. थोरल्या काकांना जुन्या प्रभात फिल्म कंपनीचा हवा असतो, कॉलेजातल्या पुतणीला नागराज मंजुळ्यांचा. रिमोट ज्याच्या हातात येणार, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. साल बघून निवडू नका. किती जण बसणार, खोलीत किती गलबला असणार आणि हाताशी असलेली प्रत कशी आहे, ते बघा. घर भरलेलं असेल तर जुना लावा. एकट्याने किंवा दोघांनी दार लोटून बघायचं असेल तर नवा. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. जुना चित्रपट आजोबा दुपारी एकटेच बघतात, नवा मात्र वीस जणांच्या गोंगाटात लागतो, आणि दोन्हींवर अन्याय होतो.

१९३०-४०च्या दशकांतला चित्रपट भरलेल्या थिएटरसाठी बांधलेला असे. तान्ही मुलं रडणार, माणसं मोठ्याने दाद देणार, हे धरूनच तो चाले. नट रंगभूमीवरून आलेले; शब्द शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत पोचवायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली. महत्त्वाची गोष्ट संवादात येई, मग गाण्यात पुन्हा येई. मध्येच कुणी चहा ठेवायला उठलं तरी परत आल्यावर धागा सापडतो. गोव्याच्या प्रेक्षकाला तर हा बाज परका नाहीच. जत्रेला, काल्याला आपल्याकडे देवळासमोर रात्रभर मराठी नाटकं रंगतात, गावातलीच मुलं संभाजी आणि येसूबाई होऊन उभी राहतात. ज्या अभिनयाला शहरातली तरुण मंडळी 'नाटकी' म्हणतात, तो आपल्या कानाला घरचा वाटतो. हा आपला ठेवा आहे असं मी मानते.

नवा चित्रपट, म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांतला जो खरोखर काही सांगू पाहतो तो, शांततेवर उभा असतो. पात्रं पुटपुटतात, अर्धं वाक्य गिळतात. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या खोलीतला रेडिओ असे आवाजाचे पदर एकावर एक बसवलेले असतात, आणि त्यांतला एखादा बंद होणं हाच प्रसंग असतो. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की तो प्रसंग गेलाच.

दोन जोड्या शेजारी ठेवून बघूया.

पहिली जोडी 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'द डिसायपल' (२०२०). दोन्ही मराठी, दोन्हींचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला, आणि दोन्हींचा विषय एकच: एखाद्या गोष्टीला सगळं आयुष्य वाहिलं तर घरादाराचं आणि माणसाचं काय होतं. दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात उत्तर द्यायला जिजाई आहे. मुलगा आजारी पडतो, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठल विठ्ठल करत बसलेला. ती बाई एका हातात वहाण घेते, दुसऱ्या हाताने पोराला ओढते आणि थेट देवळात शिरून विठोबाला जाब विचारते. गौरी या अभिनेत्रीने ते असं केलंय की बघणाऱ्या बायका आजही टीव्हीसमोर पुढे सरकून बसतात. भक्तीचा चित्रपट, पण भक्ताच्या बायकोची भूक त्यात लपवलेली नाही. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम तिच्यावर चिडत नाही, तिला उपदेशही पाजत नाही. दोघांचं म्हणणं आपल्याला पटतं, आणि म्हणून भरलेल्या खोलीत लगेच बोलणं सुरू होतं: काकी जिजाईच्या बाजूने, आजी तुकोबांच्या. यातलं 'आधी बीज एकले' हे गाणं शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं, पण कित्येकांना ते तुकोबांचाच अभंग वाटत आलंय. तुम्ही ते लावा. साठीच्या पुढचं कुणी ना कुणी सोबत म्हणू लागेलच.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये जाब विचारायला कुणी येत नाही. शरद नेरूळकर शास्त्रीय गाणं शिकतोय, वर्षं जातायत, आणि आपण थोर गायक होणार नाही हे त्याला हळूहळू कळत जातं. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून तो मोटरसायकलवर जातो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं, मागे तंबोऱ्याचा नाद, आणि चित्र इतकं संथ केलेलं की चाक फिरतंय की नाही असं वाटावं. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. त्या आवाजात माया नाही, सूट नाही. हे दृश्य गजबजलेल्या खोलीत लावलंत तर दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारेल, पुढे काय होतं? पुढे काहीच होत नाही; जे होतंय ते त्या आवाजात होतंय. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई जिथे जन्मल्या त्या प्रदेशात शास्त्रीय गाण्यावरचा हा चित्रपट प्रत्येक रसिकाने बघावा असं मला मनापासून वाटतं. पण एकट्याने, रात्री, चांगले हेडफोन लावून. तो नेटफ्लिक्सवर आला, मोठ्या पडद्यावर तो फार थोड्यांना मिळाला. त्यामुळे घरातच थिएटरचा अंधार करावा लागतो.

दुसरी जोडी 'सामना' (१९७४) आणि 'कोर्ट' (२०१४). मध्ये ४० वर्षं, आणि दोन्हींच्या मुळाशी कांबळे आडनावाचा माणूस. जब्बार पटेलांच्या चित्रपटात तो मारुती कांबळे, गावातून नाहीसा झालेला. दारूत बुडालेला मास्तर साखरसम्राट हिंदूरावला त्याच्याबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो. ताम्हाण्यांच्या चित्रपटात तो लोकशाहीर नारायण कांबळे, ज्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला असा आरोप आहे. 'सामना'मध्ये अन्यायाला चेहरा आहे, निळू फुल्यांचा, आणि त्याच्यासमोर डॉ. लागू. विजय तेंडुलकरांचे संवाद असे की दोघं नुसते बसून बोलत असले तरी श्वास रोखला जातो. राजकारणाची आवड असलेल्या कुठल्याही गोमंतकीय घरात तो रंगतो. बघून झाल्यावर तासभर पंचायतीपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांचा हिशेब होतो.

'कोर्ट'मध्ये खलनायकच नाही. कॅमेरा हलायचं नाव घेत नाही. सरकारी वकील बाई कायद्याची पोथी एका सुरात वाचतात, संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करतात. शेवटाकडे सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी कोर्ट रिकामं होतं, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा अंधारून राहतो. चित्रपट संपला असं वाटतं. मग न्यायाधीश सहकुटुंब सहलीला गेलेले दिसतात. ही चाल ज्याने सलग, न उठता पाहिलाय त्यालाच लागते. दोन्हींत थोर कोणता हे मी ठरवणार नाही, पण चवथीच्या रात्री 'सामना', आणि पाहुणे गेल्यावर 'कोर्ट'.

भाषेचा एक मुद्दा गोव्यात वेगळ्या तऱ्हेने लागू होतो. घाटावरच्या प्रेक्षकाला जुनं मराठी जड वाटतं, नवं सोपं. आपलं बरेचदा उलट असतं. घरात कोकणी, आणि मराठी आलं ते वर्तमानपत्रातून, कीर्तनातून, नाटकातून, म्हणजे छापील वळणाचं. त्यामुळे प्रभातची भाषा सहज कळते, आणि मंजुळ्यांच्या 'फँड्री' (२०१३) किंवा 'सैराट' (२०१६) यांतली बोली पहिली दहा मिनिटं निसटते. 'फँड्री'त तर घरात कैकाडीही बोलली जाते. सबटायटल लावा, त्यात कमीपणा काही नाही. 'फँड्री'त डुकरं पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुकरं मोकळी पळत राहतात, त्या दृश्याला मात्र कुठलीच भाषा लागत नाही. हा नवा चित्रपट मी भरलेल्या घरातही लावायला सांगेन, घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर नक्कीच. त्यातला जब्या त्यांच्याच वयाच्या जवळपासचा आहे. 'सैराट' गाण्यांमुळे गर्दीत चालतो, पण तो जवळपास तीन तासांचा आहे आणि शेवट लहान मुलांसाठी नाही. ते आधी सांगून ठेवा.

जुन्यांत सगळं सोनंच असतं असं मी म्हणत नाही. व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' (१९७२) मला आता पूर्वीसारखा बघवत नाही. गुरुजींच्या पतनाचं ओझं तमासगिरिणीच्या पायांत बांधलंय, आणि घरातल्या मुली ते बरोबर ओळखतात. त्याच शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' केला होता: म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपट्यांची नीरा आजच्या मुलींना जवळची वाटते. शिवाय त्यात नेहमीचं पार्श्वसंगीत नाही, घरातल्या-रस्त्यातल्या आवाजांवर काम भागवलंय. जुना चित्रपट म्हणजे ढणढणाट असं ज्याला वाटतं त्याने 'कुंकू'पासून सुरुवात करावी.

विनोदाबद्दल फार लिहायला नको. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लावा, घरात भांडण होणार नाही.

आता प्रतीबद्दल, कारण जुना चित्रपट नकोसा होतो तो बहुतेकदा इथेच. पुण्यात जानेवारी २००३मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या नायट्रेट फिल्म, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म, जळाल्या. त्यामुळे जे उरलंय आणि आपल्यापर्यंत पोचतं ते सगळं सारख्या दर्जाचं नाही. लावण्याआधी पहिली पाच मिनिटं स्वतः बघा. शब्द नीट ऐकू येत नसतील तर दुसरी प्रत शोधा. आणि टीव्हीची एक खोड आवर्जून तपासा. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीनची असते. आजचा टीव्ही सोळास नऊचा. सेटिंग तसंच ठेवलं तर टीव्ही चित्र आडवं ताणतो, विठोबा बुटका दिसतो, जिजाईचा चेहरा फुगतो. पिक्चर साइझमध्ये जाऊन चारास तीन निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सोयही बंद करा. एवढं केलं की काय फरक पडतो ते कुठल्याही चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यात लगेच कळतं.

मोठ्या पडद्याची गोष्ट वेगळी. नवा मराठी चित्रपट गोव्याच्या मल्टिप्लेक्समध्ये आला तर पहिल्याच आठवड्यात गाठा. खेळ मोजके, वेळा अडनिड्या, आणि पुढच्या शुक्रवारी तो असेलच असं नाही. जुन्यासाठी नोव्हेंबरची वाट बघा. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४पासून गोव्यात भरतो, आणि अलीकडच्या वर्षांत तिथे दुरुस्त केलेल्या जुन्या भारतीय चित्रपटांचे खेळ होतात. स्वच्छ केलेली प्रत, पणजीचं थिएटर आणि शेजारी अनोळखी माणसं. जुना चित्रपट ज्यासाठी केला होता ते सगळं तिथे एकत्र येतं.

आणि घरात मराठीइतकीच कोकणीची माणसं असतील तर तिसरा मार्ग आहे. कोकणीतला पहिला चित्रपट 'मोगाचो आंवडो' १९५०चा, पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) आले. त्यांची गाणी अजून लग्नांत वाजतात. पण सगळ्या पिढ्या एकत्र बसवायच्या असतील तर मी बार्डरॉय बार्रेटो यांचा 'नाचोम-इया कुम्पासार' (२०१४) लावीन. चित्रपट नवा, पण गाणी संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळातली, आणि गोष्ट त्या गोंयकार वादकांची ज्यांनी मुंबईत हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद भरून टाकले आणि ज्यांची नावं पडद्यावर क्वचितच आली. आजोबांना गाणी पाठ असतील, नातवाला ट्रम्पेट आवडेल. आवाज मात्र थोडा मोठा ठेवा.