ग्राइंडर घेताना वॅट शेवटी बघा

ग्राइंडर म्हणजे चकती फिरवून लोखंड कापायचं-घासायचं हातातलं मशीन; चार इंची हे चकतीचं माप. पुण्यातल्या बोहरी आळीत काउंटरवर "चार इंची ग्राइंडर दाखवा" म्हटलं की तीन पेट्या समोर येतात आणि बोलणं थेट वॅटवर जातं. ६७०, ८५०, १०००. पेटीवरचा आकडा म्हणजे मशीन लाइनमधून किती वीज खेचतं तो. चकतीपर्यंत त्यातली निम्मी, फार तर साठ टक्के पोचते. बाकीची बॉडी तापवण्यात जाते. म्हणून वॅट बघायचे, पण शेवटी. आधी काम कोणतं ते ठरवायचं, मग त्या कामाची चकती, मग स्विच आणि गार्ड (चकतीवरचं पत्र्याचं झाकण), मग स्पेअर कुठे मिळतात ते.

साध्या वर्गात, म्हणजे ६५० ते ७१० वॅटमध्ये, बॉशचा जीडब्ल्यूएस ६०० आणि माकिटाचा ९५५३ ही दोन मशीनं पुण्यातल्या साइटवर सर्रास दिसतात. माकिटाचं ७१० वॅट आणि मिनिटाला ११,००० फेरे. बॉशचं त्याच्याच आसपास. दोन्हींचा स्पिंडल, म्हणजे चकती फिरवणारा आट्यांचा दांडा, एम-१० (१० मिमीचा). त्यावरच्या फ्लँजवर, म्हणजे चकतीमागच्या गोल बैठकीवर, १६ मिमी भोकाची कुठलीही चार इंची चकती बसते. प्लंबर, ग्रिलवाला, एसीचे स्टँड बसवणारा यांना हा वर्ग पुरतो. एक इंची चौकोनी पाइप, १२ मिमीची सळई, जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचा तुकडा, वेल्डिंगचे दाणे काढणं, सगळं होतं. बॉडी सडपातळ असल्याने डोक्यावर हात करून काम करताना मनगट लवकर दुखत नाही. किमती २ ते ४ हजारांत फिरतात.

हा वर्ग दमतो तो सलग घासकामात. ५० × ५० × ६ च्या अँगलवर जाड ग्राइंडिंग व्हील लावून कोणी तासभर दाबून घासायला लागला की मोटरचे फेरे पडतात. थंड करणारा पंखा आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, दांड्यावरच असतो, तोही मंदावतो आणि करंट मात्र वाढलेला असतो. वाइंडिंगवरच्या वार्निशचा जळका वास येतो तो इथे. उपाय साधा आहे: आवाज जाडसर झाला की दाब कमी करायचा, आणि जड काम संपल्यावर मशीन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मोकळं फिरवायचं. बंद केलेल्या गरम मशीनला वारा मिळत नाही.

नऱ्हे, धायरी, भोसरीच्या शेडमध्ये रोज चार-पाच तास घासकाम असेल तर ८५० ते १००० वॅटचं घ्यावं. त्याचं वाइंडिंग जाड असतं, गियर मोठा असतो, फेरे दाबाखाली टिकतात. पण डोकंही मोठं होतं आणि कोपऱ्यात शिरताना अडतं. दिवसाला चाळीस-पन्नास पाइप सरळ कापायचे असतील तर चार इंचीवर पैसे घालूच नयेत. ३५५ मिमीचा चॉप सॉ, म्हणजे बैठकीवरचं कटर, घ्यावा. कट काटकोनात येतो आणि चकतीही जास्त दिवस पुरते.

स्विचकडे दुकानात कोणी बघत नाही. सरकवायचा स्विच एकदा पुढे ढकलला की तिथेच अडकतो. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं, लाइट गेली, कामगार मशीन तसंच फरशीवर ठेवून चहाला गेला, आणि लाइट आली की मशीन एकटंच नाचायला लागतं. घेताना "रिस्टार्ट प्रोटेक्शन आहे का" हे विचारावं. असेल तर लाइट आल्यावर स्विच मागे घेऊन पुन्हा टाकल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. तळहाताने दाबून धरायचा पॅडल स्विच आमच्या मते साइटसाठी सर्वांत चांगला. हात सुटला की वीज बंद. अंगठा दुखतो अशी तक्रार पहिल्या आठवड्यात येते, मग थांबते.

काउंटरवर पेटी उघडल्यावर दोन मिनिटं द्यायची. स्पिंडल बोटांत धरून वर-खाली हलवायचा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा बसवणूक ढिली. हाताने सावकाश फिरवायचा. गियरचा हलका अडथळा सगळीकडे सारखा लागला पाहिजे, एकाच जागी अडकता कामा नये. स्पिंडल अडवणारं लॉकचं बटण दाबून सोडायचं, ते स्प्रिंगने पूर्ण बाहेर यायला हवं. अर्धवट राहणारं बटण फिरत्या स्पिंडलला घासतं आणि गियर हेड फोडतं. मग चकती न लावता सुरू करून मागच्या जाळीतून आत बघायचं. कार्बन ब्रशपाशी, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी, बारीक निळसर ठिणगी चालते. ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कम्युटेटरभोवती गोल पिवळी रिंग दिसली तर ते मशीन परत द्यायचं. शेवटी गार्ड: चकती फुटली तर तो जागचा फिरता कामा नये. हाताने जोर लावून फिरवून बघा. फिरला तर क्लॅम्प कच्चा आहे.

आता चकत्या. खर्च मशीनपेक्षा यांच्यावरच जास्त होतो, आणि अपघातही बहुतेक इथेच होतात. कापायची चकती १०५ मिमी व्यासाची, १ किंवा १.२ मिमी जाडीची. घासायचं व्हील १०० मिमीचं, ६ मिमी जाड आणि मध्ये खोलगट. पातळ चकतीने कधीही बाजूने घासायचं नाही. तिच्यातली जाळी कडेवरचा दाब सहन करायला असते, आडवा वाक सहन करायला नाही. घासायचं व्हील २० ते ३० अंशांत धरायचं, फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पानांची चकती) ५ ते १५ अंशांत. फ्लॅप डिस्क जास्त उभी धरली की नुसती कडा झिजते आणि उरलेली पानं कोरी असतानाच फेकावी लागते. ग्रिट म्हणजे दाण्याचा नंबर, जितका मोठा तितका बारीक: वेल्डिंगचे दाणे काढायला ४० ग्रिट, रंगाआधीच्या फिनिशला ८०. मधला ६० दोन्हीकडे चालवून घेतात, चालतो.

स्टेनलेसच्या रेलिंगसाठी चकत्या वेगळ्या ठेवायच्या. लेबलवर लोह, गंधक आणि क्लोरीनमुक्त असं लिहिलेलं असतं. एमएसवर (साध्या लोखंडावर) वापरलेली फ्लॅप डिस्क ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पाइपवर फिरवली की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्या पावसात तपकिरी ठिपके उमटतात. गिऱ्हाईक म्हणतं पाइप हलका लावला. शिवाय स्टेनलेस ११,००० फेऱ्यांवर निळं पडतं, म्हणून त्या कामाला डायलवर वेग कमी करता येणारं मशीन हवं.

चकतीच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती मुदत. रेझिनच्या चकत्या बनवल्यापासून ३ वर्षं धरतात. ओलावा रेझिन कमजोर करतो, त्यामुळे पावसाळ्यात स्लॅबवर उघड्या पडलेल्या चकत्या रिंगवर मुदत शिल्लक असली तरी बाद करायच्या. पत्र्याच्या डब्यात, आडव्या, सपाट ठेवायच्या. उभ्या ठेवलेल्या पातळ चकत्या वाकतात.

चार इंचीने जेमतेम एक इंच खोल कट मिळतो. म्हणून गार्ड काढून मोठी चकती लावायचा मोह होतो. हिशोब बघा. साध्या चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत चालतो. १०० मिमीला ती मर्यादा १५,३०० फेऱ्यांवर येते, १२५ मिमीला १२,२५० वर, १८० मिमीला ८,५०० वर. सात इंची चकती ११,००० फेऱ्यांच्या मशीनवर लावली तर कडा सेकंदाला १०४ मीटर धावते आणि चकती फाडणारा जोर मर्यादेच्या सुमारे १.७ पट होतो. पाच इंची हिशोबात बसते, पण तिचं भोक २२.२३ मिमीचं. सोळाच्या फ्लँजवर ती वायसर (वॉशर) घालून कशीबशी मध्यात आणतात, ती थरथरत फिरते आणि समोर गार्ड नसतो. लाकडाची दातेरी चकती ग्राइंडरला लावणं हा याहून वाईट प्रकार. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उडतं. त्यासाठी बेस प्लेटची गोल करवत असते.

चकती बसवताना आतला फ्लँज पुसून घ्यायचा. खाली वाळूचा एक कण असला तरी चकती डोलते. चकती आवळणाऱ्या लॉक नटला एका बाजूला उंचवटा असतो. जाड व्हीलला उंचवटा व्हीलकडे, पातळ चकतीला बाहेर. उलटं लावलं की पातळ चकती पूर्ण दाबली जात नाही आणि घसरते. नवी चकती लावल्यावर मशीन अंगापासून बाजूला धरून एक मिनिट मोकळं फिरवायचं. सोबत आलेला गार्ड सहसा घासकामाचा, एका बाजूने उघडा असतो. कापायला दोन्ही बाजूंनी झाकणारा वेगळा घ्यावा लागतो.

मशीन झटका का मारतं ते ४० × ४० च्या पाइपवर चांगलं समजतं. पाइप दोन विटांवर ठेवून मधोमध वरून कापलं, की पाइप खाली वाकतो, कटाचं तोंड मिटतं आणि चकती चिमटीत सापडते. तोच पाइप कटाच्या अगदी जवळ एका बाजूला टेकवून क्लॅम्प केला आणि दुसरं टोक अधांतरी सोडलं तर वजनाने कट उघडत जातो. चारही भिंती एकेक करून कापायच्या, आरपार एका दमात नाही. चकती जिकडे मशीन ओढते त्याच्या उलट दिशेने सरकवायचं, आणि कट चालू असताना मशीन तिरकं करायचं नाही. बाजूचं हँडल काढून एका हाताने काम करणारे बरेच दिसतात. झटका आला की तो एक हात पुरत नाही.

भिंतीत कन्सील पाइपसाठी झिऱ्या (खाचा) मारायला डायमंड ब्लेड लागतं. काँक्रीटला तुकड्यातुकड्यांच्या कडेचं, व्हिट्रिफाइड टाइलला अखंड कडेचं. काळ्या दगडात किंवा ग्रॅनाइटमध्ये चालून ब्लेड गुळगुळीत झालं, ठिणग्या टाकायला लागलं पण पुढे सरकेना, तर ते संपलेलं नसतं. हिरे धरून ठेवणारा धातू, म्हणजे बाँड, चमकून हिरे झाकले गेलेले असतात. सिपोरेक्सच्या (बांधकामाच्या हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकमध्ये पाच-सहा कट मारले की पुन्हा धार येते. कोरडं कापताना दहा-पंधरा सेकंद कट, मग थोडं मोकळं. पाणी मारायचं नाही, साधं ग्राइंडर त्यासाठी नसतं. धुळीत सिलिका असते; रुमाल ती अडवत नाही, एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क लागतो. आणि हीच धूळ मोटर खाते, म्हणून झिरीचं मशीन वेगळं ठेवलेलं बरं. सोसायटीत दुपारी १ ते ४ हे काम काढू नये, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

फिनिश झालेल्या फ्लॅटमध्ये लोखंड कापताना ठिणग्या कुठे जातात ते आधी बघावं. तापलेले कण खिडकीच्या काचेत आणि ग्लेझमध्ये वितळून बसतात, ते पुसून निघत नाहीत. भिजवलेलं गोणपाट किंवा जुनी प्लाय आडवी लावली की भागतं.

सात इंची फक्त जाड लोखंड आणि मोठ्या काँक्रीट कामाला. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर, तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेट हवा. ०.७५ चौरस मिमीची ५० मीटर वायर लावली तर सुमारे २३ व्होल्ट वाटेतच जातात आणि दोष मशीनला मिळतो. अडीच चौरस मिमीची वायर, पूर्ण उलगडलेली, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच.

बॅटरीचं चार इंची परांचीवर आणि डक्टमध्ये छान, वर्कशॉपमध्ये नाही. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. ७०० वॅटच्या ओढीला सात-आठ मिनिटांत खल्लास. दोन बॅटऱ्यांशिवाय घेऊ नये.

देखभालीत कार्बन ब्रश ५-६ मिमी उरले की जोडीनेच बदलायचे. मशीन हलवल्यावर चालू-बंद होत असेल तर आधी तेच उघडून बघा. आर्मेचर जळलं तर चार इंचीला रिवाइंड करून घेण्यात अर्थ नाही. बॅलन्स बिघडला की बेअरिंग पाठोपाठ जातं. नवं ओरिजिनल टाका आणि फील्डही (बाहेरचं स्थिर वाइंडिंग) तपासून घ्या, नाहीतर महिन्यात तेच. सात इंचीचं फील्ड रिवाइंड परवडतं. गियरमध्ये ग्रीस ठासून भरू नये, जास्तीचं मोटरकडे सरकतं.

बिल घेतानाच ब्रशची एक जादा जोडी आणि लॉक नट सोडवायची एक जादा चावी घ्यावी. साइटवर चावी हरवली की लॉक नट छिन्नी-हातोडीने सोडवतात, त्यात स्पिंडल वाकतो. दुसरी चावी इन्सुलेशन टेपने वायरला, प्लगपासून वीतभर अंतरावर बांधायची. म्हणजे चकती बदलायला चावी वापरायची तर आधी प्लग काढावाच लागतो.