रोव्हर आणि कॉर्स: आठ महिने रानात फिरवल्यानंतर

मी खासगी मोजणी करतो, बहुतेक लेआउट आणि रस्त्यांची. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सवर, म्हणजे कायम जागी बसवलेल्या उपग्रह-अँटेनांच्या जाळ्यावर, खातं उघडलं, रोव्हरमध्ये, म्हणजे काठीवर लावून फिरवायच्या उपग्रह-मोजणी यंत्रात, सिम टाकलं, त्याला आठ महिने झाले.

पूर्वी जुना कंट्रोल पॉइंट, म्हणजे आधीच पक्की मोजलेली खूण, शोधण्यातच अर्धा दिवस जायचा. सापडला तर फुटलेला. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजली, तेव्हापासून एका टेकडीवरून दुसरीकडे दुर्बीण लावायची हीच रीत. आता त्या टेकड्यांचं काम चोवीस तास उपग्रह ऐकणारे अँटेना करतात. त्यांची स्वतःची जागा पक्की ठाऊक, म्हणून सिग्नलमधली चूक सर्व्हर काढतो आणि दुरुस्ती मोबाइल नेटवरून हातात येते. माळावर मिनिटभरात 'फिक्स', म्हणजे जागा पक्की. महिन्याने त्याच खुणेवर गेलो, तरी फरक दोन-तीन सेंटिमीटर.

आंब्याखाली मात्र 'फ्लोट'वर, म्हणजे कच्च्या जागेवर, अडकतं. घाईनं नोंद घेतलीत तर पस्तावाल. वेल्ह्याकडे रेंजच नसते, तिथे ईटीएस, म्हणजे दुर्बिणीचं इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र, गाडीत असू द्या.

उंचीत मी फसलो. रोव्हर लंबगोलावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली, उंची देतो. पुण्याकडे ती समुद्रसपाटीवरच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून जास्त कमी भरते. मी तोच आकडा कळवला. कॉन्ट्रॅक्टरचा फोन, "साहेब, गाव पाण्याखाली गेलं काय?" या दोन उंचींतला फरक देणारं जिओइड मॉडेल आधी भरा.

पण लोक विचारतात ते वेगळंच: "मशीन हद्द दाखवंल नव्हं?" नाही दाखवत. तुम्ही कुठे उभे आहात ते सांगतं. हद्द टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांच्या सरकारी कागदात, असते, आणि जुनं टिपण ३३ फुटी साखळीचं. साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. आण्यात लिहिलेल्या कागदाला सेंटिमीटरचं यंत्र लावायचं!

सरकारी मोजणीचा अर्ज करण्याआधी अंदाज हवा म्हणून एका तात्यांनी बोलावलं. तीन जुने दगड जमिनीत शाबूत होते. ते रोव्हरवर घेतले, टिपणाशी जुळवले आणि चौथ्याची जागा काढून कुदळ मारली. नुसती माती. तात्यांनी बाभळीकडे दीड फूट सरकून पहार घातली आणि खण्णकन आवाज आला.

"वडलांनी दाखवलावता," ते म्हणाले.

मी काढलेला आकडा खोडला आणि रोव्हरची काठी त्या दगडावर टेकवली.