टोमोओ इनागाकींची मांजरं घरात आल्यावर

आम्ही टोक्योत, निशी-कासाईला राहतो. जिंबोचोत जुन्या पुस्तकांच्या दुकानांसोबत प्रिंट विकणारी दुकानंही आहेत. तिथून जपानी चित्रकार टोमोओ इनागाकींचं (१९०२–१९८०) दोन मांजरांचं वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र, घेतलं. भिंतीवर त्याचा एक पावसाळा आणि एक हिवाळा काढून झालाय, म्हणून आता लिहितेय.

गोंडस मांजरं हवी असतील तर हे घेऊ नका. अंगं कोनाकोनांची, रेघा जाड काळ्या, शेपट्या ताठ आणि डोळे थेट तुमच्यावर रोखलेले. घरी आलेल्या एका काकूंनी विचारलं, "ही रागावलीत का गं?" रागावलेली नाहीत, घरमालक भाडेकरूकडे बघतो तशी बघतात, एवढंच. मांजर पाळलेल्यांना ही नजर ओळखीची असेल.

फोटोत अजिबात कळत नाही तो कागद. वाशी, म्हणजे जपानी हातकागद, कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या लांब धाग्यांचा. रंग लावलेल्या ठशावर कागद ठेवून मागून बारेन घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेली चपटी गोल गादी. त्यामुळे रंग वर न बसता आत मुरतो. संध्याकाळी बाजूने दिव्याचा उजेड पडला की दाबलेल्या कडा उठून दिसतात. आमच्या प्रतीत एका कोपऱ्यात काळा जरा विरळ उतरलाय. तिथे हात हलका पडला असणार, आणि तो हात बहुधा खुद्द इनागाकींचाच. एकोणिसाव्या शतकात, कुनियोशी या जुन्या चित्रकाराच्या काळी, चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, वर प्रकाशक. १९०४ मध्ये यामामोतो कानाए यांनी मासेमारी करणाऱ्या कोळ्याचं चित्र स्वतःच काढलं, कोरलं, छापलं. सगळं काम कलाकाराने स्वतःच करायच्या ‘सोसाकु हांगा’ चळवळीची सुरुवात तिथून धरतात. इनागाकी त्याच वाटेवरचे, ओन्ची कोशिरो आणि हिरात्सुका उन्इची यांच्याकडे शिकलेले. मला तो विरळ कोपराच सगळ्यात जास्त आवडतो.

आता कटकट. जूनच्या त्सुयुत, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, हवा इतकी दमट होते की कागद फुगतो. आधीच्या फ्रेमवाल्याने चारही बाजूंनी टेप मारली होती, त्यामुळे चित्राला लाटा आल्या. दुसऱ्याकडून ते सोडवून घेतलं. त्याने फक्त वरच्या कडेला वाशीच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या आणि अ‍ॅसिड नसलेला माउंट घातला. लाटा बऱ्याचशा बसल्या. हे काम महाग पडतं, प्रिंटच्या किमतीत ते धरूनच चाला. हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं, म्हणून मांजरं पॅसेजमध्ये हलवली. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही. मुंबई-कोकणात लावणार असाल तर बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका. ओल तिथूनच येते.

घेताना भिंग न्या. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं चित्र आहे, ठसा नव्हे. दुकानदार देत असेल तर मागची बाजूही बघा: रंग पाझरलेला आणि बारेनचे घासे दिसायला हवेत. समासातली पेन्सिलची सही असली तर छान, पण मी आधी मागची बाजू बघेन.

दुसरं घ्यायला पैसे साठवतेय. या वेळी एकच मांजर हवं, आणि शक्यतो पाठमोरं. पॅसेजमधून रात्री पाणी प्यायला जाताना दोघांची नजर पुरे होते.