प्रसूतीची डूला ठेवावी की बाळंतपणानंतरची?

डूला म्हणजे प्रसूतीत किंवा बाळंतपणानंतर आईला सोबत आणि आधार देणारी मदतनीस. ती एकच परवडणार असेल, तर बहुतेक जण डोळे झाकून प्रसूतीची ठरवतात. धास्ती कळांचीच असते ना! पण दोघींची कामं इतकी वेगळी आहेत की आपल्याकडे माणूस कुठे कमी पडणार, ते आधी बघावं.

प्रसूतीची डूला गरोदरपणात भेटून ओळख करून घेते आणि साधारण 38व्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री फोन केला तरी निघते. कळ आली की माकडहाडाच्या जरा वर तळव्याने जोर देऊन धरते, ओसरली की पाण्याचा घोट देते, कूस बदलायला हात देते. नर्सची पाळी बदलते, डॉक्टर येऊन-जाऊन असतात. डूला मात्र खोली सोडत नाही. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) 17 देशांतल्या 15,000हून अधिक स्त्रियांची माहिती होती. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी दिसलं. मात्र सोबतीला सगळीकडे डूलाच नव्हती. कुठे नर्स होती, कुठे नात्यातलं माणूस. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

बाळंतपणानंतरच्या डूलाचं काम आकड्यांत मावत नाही. बाळ नुसतं बोंड चोखतंय, भोवतीचा काळा भाग तोंडात गेलेलाच नाही, हे तिच्या लगेच लक्षात येतं. दूध पाजून झालं की ढेकर काढायला बाळ ती घेते, बाळंतिणीला दोन तास सलग झोप मिळते. बाळंतिणीचं पहिल्या दिवसांतलं रडू सहसा ओसरतं. दोन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, तर ‘डॉक्टरांना दाखवा’ असं स्पष्ट सांगणारं माणूसही घरात असतं.

आतली तपासणी किंवा औषध देणं दोघींचंही काम नाही. तसं करते म्हणणारीला नकोच म्हणा.

दवाखान्यात एकच सोबती चालत असेल आणि तो जोडीदार असेल, तर प्रश्न मिटलाच, बाळंतपणानंतरचीच ठेवा. आधीच्या प्रसूतीची भीती मनात बसली असेल किंवा कळांच्या वेळी जवळ कुणीच नसेल, तर प्रसूतीची. जोडीदार खंबीर आहे, पण आठवड्याभरात कामावर जाणार आहे? मग मी बाळंतपणानंतरचीच ठेवेन.

ठरवण्याआधी विचारा: त्याच दिवशी दुसरीकडे प्रसूती निघाली, तर बदली कोण येईल? आणि आधीच ठरवून सिझेरियन झालं, तर तेच तास नंतर घरी वापरता येतील का?