ईशापूर २ए१ रायफल: पोलाद खणखणीत, लाकडाकडे मात्र नीट बघा

ईशापूरच्या २ए१ बद्दल एक गैरसमज फार पसरलाय, तो आधी दूर करायला हवा. जुन्या थ्री नॉट थ्रीची, म्हणजे .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड रायफलीची, नळी काढून ७.६२ ची बसवली, की झाली २ए१, असं लोक सर्रास सांगतात. तसं नाही. ही रायफल मुळापासून ७.६२ × ५१ मिमी काडतुसासाठीच बनवलेली आहे. आकार थ्री नॉट थ्रीचा, म्हणजे तिच्या नंबर १ मार्क ३ स्टार या मॉडेलचा आहे, पण बॉडीचं, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जिच्यात सरकतो त्या मुख्य भागाचं, पोलाद वेगळं आहे. आणि या रायफलीचं खरं मोल त्या पोलादातच आहे.

१९६२ च्या चीन युद्धात आपलं पायदळ थ्री नॉट थ्री घेऊनच लढलं. त्यानंतर एसएलआर ही स्वयंभरण रायफल, म्हणजे १ए१, हातात यायला लागली, पण सगळ्यांना पुरेल इतकी लगेच निघणं शक्य नव्हतं. दोन वेगळी काडतुसं सांभाळणं हाही पुरवठ्याला ताप. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याकडे ली-एनफिल्ड बनवण्याचा अर्धशतकाचा हात होता आणि त्यासाठीची यंत्रंही होती. म्हणून तोच आकार ठेवून एसएलआरचंच काडतूस चालणारी रायफल काढली. आधी २ए आली. मग बॅकसाइटवरचे आकडे २००० वरून ८०० मीटरवर आणले आणि २ए१ झाली. ८०० हा आकडा शहाणपणाचा होता, कारण उघड्या साइटने त्यापुढे नेम धरण्यात काही अर्थ नाही. ही रायफल सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत होती.

आता पोलादाचा मुद्दा. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाचा कमाल दाब सीआयपीच्या (काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मापाने ३६५० बार आहे. ७.६२ चा नागरी जुळा भाऊ म्हणजे .३०८ विंचेस्टर, त्याचा ४१५० बार. जवळजवळ १४ टक्के जास्त. त्यात ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्टला बॉडीत अडकवणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या बाजूला असतात. माउझरमध्ये ते पुढे, चेंबरला लागूनच असतात, त्यामुळे धक्का जागच्या जागी जिरतो. ली-एनफिल्डमध्ये गोळी सुटताना अख्खा बोल्ट दाबला जातो आणि बॉडीच्या दोन्ही भिंती ताणल्या जातात. दाब उतरला की सगळं पूर्ववत होतं. पोलाद मात्र तेवढं लवचीक आणि चिवट असायला हवं, आणि लग जिथे टेकतात ती जागा वरून टणक हवी. ही जागा मऊ राहिली तर ती कणाकणाने दबत जाते, दर वेळी थोडी आणखी, आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, वाढत राहतं. म्हणून ईशापूरने बॉडीसाठी एन या ब्रिटिश श्रेणीतलं सुधारित पोलाद घेतलं. नंबर ४ या नंतरच्या ली-एनफिल्डची बॉडी मुळातच भक्कम होती, इंग्लंडमध्ये तिच्यावर ७.६२ ची एल४२ए१ स्नायपर रायफल उभी राहिली. नंबर १ च्या जुन्या बॉडीवर ७.६२ चढवणं मात्र कोणत्याही चांगल्या आर्मररला पटणार नाही. २ए१ चं वेगळेपण इथेच आहे.

रायफल हातात आली की आधी बट सॉकेटची, म्हणजे बॉडीत बट जिथे बसतो त्या पोलादी भागाची, उजवी बाजू बघावी. अशोकस्तंभाचे सिंह, आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर), साल आणि ‘रायफल ७.६२ एमएम २ए१’ असा शिक्का तिथे असतो. नुसती ७.६२ ची नळी आहे आणि बॉडीवर हा शिक्का नाही, तर ती २ए१ नव्हे, ती झाडण्याच्या भानगडीत पडू नका. रायफलीचा नंबर बॉडीवर, बोल्टच्या मुठीच्या मागे आणि इतर भागांवर जुळतो का ते तपासा. बोल्टचा नंबर वेगळा निघाला तर लगेच नापास करायची गरज नाही, पण हेडस्पेस मोजायचं गेज लावल्याशिवाय एकही राउंड झाडू नये. डीपी असा शिक्का असलेली रायफल कवायतीची असते. ती झाडायची नसतेच, मग दिसायला कितीही चांगली असो.

ईशापूरच्या बऱ्याच रायफलींवर काळा रंग असतो. दमट हवेत तो गंजापासून चांगला बचाव करतो, आणि झालेला गंजही तितकाच चांगला लपवतो. लाकडाखाली नळीचा जो भाग जातो, तिथे रंगाखाली खड्डे पडलेले असू शकतात. हँडगार्ड काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात नळी फिरवून बघितली की खळगे सावलीसकट दिसतात. सरळ उजेडात दिसत नाहीत.

हेडस्पेसवर जरा थांबायला हवं, कारण इथेच लोकांचं सगळ्यांत जास्त चुकतं. थ्री नॉट थ्रीचं काडतूस मागच्या काठावर बसतं, म्हणून तिथे हेडस्पेस त्या काठाच्या जाडीवर मोजतात. ७.६२ ला बाहेर आलेला काठ नाही, ते खांद्यावर बसतं. म्हणून बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर मोजावं लागतं. थ्री नॉट थ्रीचं गेज इथे निरुपयोगी आहे. .३०८ चं गेज लावलं तर गो (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) १.६३० इंच आणि फील्ड (यावर होऊ नये) १.६३८ इंच. पण लष्करी ७.६२ चे चेंबर मुद्दाम थोडे सैल कापलेले असतात, म्हणजे धूळ-मातीतही काडतूस अडकत नाही. त्यामुळे .३०८ च्या फील्ड गेजवर बोल्ट बंद झाला म्हणजे रायफल बाद, असा अर्थ होत नाही. निकाल लष्करी गेजवर द्यायचा.

मात्र त्या सैल चेंबरची किंमत पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मोजते. गोळी सुटली की पुंगळी पुढच्या बाजूला चेंबरला चिकटते, आणि बूड मागे जाऊन बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं. नागरी .३०८ ची पितळी भिंत लष्करी पुंगळीपेक्षा साधारणपणे पातळ असते, त्यामुळे हा ताण तिला लवकर जाणवतो. बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर एक चकचकीत वर्तुळ दिसायला लागलं की समजायचं, पुंगळी तिथे तुटणार आहे. बाहेरून शंका आली तर एका तारेचं टोक काटकोनात वाकवून आतून भिंतीवर फिरवा. खाच असेल तर टोक तिथे अडकतं. अशी पुंगळी पुन्हा भरायची नाही.

हेडस्पेस जास्त निघालं तर नंबर ४ सारखी सोय इथे नाही. नंबर ४ चे बोल्ट हेड (बोल्टच्या पुढच्या टोकाला आवळायचे सुटे भाग) ० ते ३ अशा मापांत येतात, एक काढून पुढचं लावलं की काम झालं. नंबर १ च्या घराण्यात हेडवर माप नसतं. चार-सहा हेड लावून, गेजने बघून, जे बसेल ते निवडायचं. शिवाय २ए१ चं हेड आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारी नखी) बिनकाठाच्या काडतुसासाठी केलेले आहेत, थ्री नॉट थ्रीचे चालत नाहीत. हेड बोल्टमध्ये पूर्ण आवळल्यावर त्याचा कान (बाजूला आलेला भाग) बोल्टच्या कण्याच्या (त्यावरच्या उंच पट्टीच्या) रेषेत यायला हवा. थोडा पुढे गेला तर चालतो, पण २० अंशांपेक्षा जास्त गेला तर धागे झिजलेत, हेड बदला. दोन्ही लग बॉडीत सारखे टेकतात का तेही बघा. लगवर निळा रंग लावून बोल्ट चार-पाच वेळा बंद-उघडा करायचा. एकाच बाजूचा रंग गेला तर सगळा भार एकच लग घेतोय.

मॅगझीन दहा राउंडचं, तळाला चौकोनी. थ्री नॉट थ्रीच्या काठांमुळे मॅगझीनला उतार द्यावा लागायचा, इथे त्याची गरज नाही. काठावर काठ अडकण्याची जुनी कटकटही गेली. ओठ वाकलेले असतील तर गोळीचं नाक खाली जातं, तेवढं बघा. फोरसाइट-बॅकसाइट साध्या आणि मजबूत आहेत.

आता लाकूड. या रायफलीच्या कच्च्या बाजू बहुतेक इथेच सापडतात. ईशापूरने पुढच्या लाकडात मॅगझीनच्या पुढे एक आडवा स्क्रू घातलाय. तो दिसला की काही जण ‘दुरुस्त केलेला माल’ म्हणून नाक मुरडतात. उगाच. लाकूड उभं फाटू नये म्हणून तो मुद्दाम घातलेला आहे, आणि कामाचा आहे. खरी परीक्षा लाकडाच्या मागच्या टोकाला असते. बॉडीचा धक्का घेणाऱ्या दोन आतल्या जागा असतात, इंग्रजीत त्यांना ‘ड्रॉज’ म्हणतात. धक्का या दोघांनी सारखा घ्यायला हवा. त्या दबल्या, तेलाने कुजल्या किंवा सैल झाल्या, की बॉडी मागे सरकते, बट सॉकेटपाशी लाकडाच्या शेपटीवर आदळते आणि तिथून चीर जाते. पातळ कागदाची पट्टी शेपटी आणि सॉकेटच्या मधे घालून बघावी. पट्टी मोकळी सरकायला हवी. अडकत असेल तर आतल्या जागा आधी नीट करा. चीर नुसती चिकटवून काही उपयोग नाही, ती पुन्हा जाणार.

ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू लाकडातून वर जातो, आणि त्याच्याभोवती एक छोटी नळकांडी असते. ती हरवलेली असेल तर स्क्रू आवळला की लाकूड चेपतं आणि गार्ड वर येतो. नंबर १ च्या घराण्यात ट्रिगर हा गार्डलाच टांगलेला आहे, म्हणजे गार्ड हलला की ट्रिगरची ओढ बदलते. पहिली ओढ ३ ते ४ पौंड आणि दुसरी ५ ते ६ पौंड हवी. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं, की दोन टप्प्यांची ओढ एकदम एकाच टप्प्याची वाटायला लागते, आणि माणूस ट्रिगर घासायला बसतो. घासू नका. आधी नळकांडी आहे का बघा आणि लाकूड सुकू द्या. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, पातळ हाताने, दोन-तीन वेळा. चमक यावी म्हणून व्हार्निश लावलं तर आतला ओलावा आतच राहतो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. बट काढायचा असेल तर पुढचं लाकूड आधी काढायचं. बट आवळणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्र्याच्या खाचेत बसतं. पुढचं लाकूड तसंच ठेवून बोल्ट फिरवला तर ते चौकोनी टोक लाकूड आतून फाडतं. जुन्या रायफलींच्या शेपटीला दिसणाऱ्या कितीतरी चिरा धक्क्याने पडलेल्या नसतात, अशा उलट्या क्रमाने पडलेल्या असतात.

काडतुसांबाबत थोडंसं. वरणगावच्या कारखान्यात ७.६२ ची काडतुसं बनतात, बुडावर ओएफव्ही असा शिक्का असतो. खडकीच्या केएफ शिक्क्याची जुनी थ्री नॉट थ्रीची काडतुसं कॉर्डाइटची आणि गंज आणणाऱ्या प्रायमरची असायची. अशी काडतुसं झाडून झाल्यावर नळी तेलाने पुसणं पुरत नाही, कारण प्रायमरचे क्षार तेलात विरघळत नाहीत. आधी कडक गरम पाणी ओतायचं, मग कोरडा पुसा, शेवटी तेल. थ्री नॉट थ्रीच्या जुन्या नळ्या आतून काळ्या दिसतात, त्यामागे हेच कारण जास्त असतं.

भारतात ७.६२ आणि थ्री नॉट थ्री दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, त्यामुळे २ए१ खासगी परवान्यावर मिळत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात ती संग्राहकांकडे आहे, आणि तिकडच्या मराठी मंडळींना वरची तपासणी सगळी लागू. आपल्याकडच्या परवानाधारकांच्या हाती येते ती .३१५ स्पोर्टिंग. तिचं काडतूस काठाचं आहे, म्हणजे हेडस्पेस काठावर मोजायचं आणि .३०८ चं गेज तिथे चालणार नाही. बाकी घराणं तेच ली-एनफिल्डचं, म्हणून लगवरचा निळा रंग, शेपटीमागची कागदाची पट्टी आणि ट्रिगर गार्डच्या स्क्रूची नळकांडी तिथेही बघा.