मातीकडच्या भिंतीला डिंपल शीट: नऊ महिन्यांनंतर, आणि एका पट्टीची कटकट

परवा बागेच्या कुंपणभिंतीमागे लावलेली डिंपल शीट (मातीतली ओल भिंतीपासून दूर ठेवणारी, फुगवट्यांची प्लास्टिकची शीट) आणि भिंत यांच्या फटीत सहज बोटं घातली, तर मूठभर गाळ हाताला आला. नऊ महिन्यांपूर्वी हीच शीट मी भेटेल त्याला "डोळे झाकून घ्या" म्हणून सांगत होतो. त्यामुळे हे जरा चिडूनच लिहितोय.

भिंत मीटरभर उंचीची, मागे जवळजवळ वरपर्यंत माती. शीटच्या आधी दोनदा पुढच्या बाजूने 'ओलरोधक' रंग मारून झाला होता. दोन्ही वेळा फुगे आले, पोपडे पडले, खाली लोणा लागला. मागे मीटरभर पाणी साचलं तर तळाशी चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब येतो, त्यापुढे रंगाचा पापुद्रा काय टिकणार! हे मला दुसरा डबा संपल्यावर कळलं. तो डबा अजून डोळ्यांसमोर येतो.

मग मागून खणलं. एकदम नाही, दोन-दोन मीटरचे तुकडे करून, कारण मातीचा भार पेलणारी भिंत आहे, आधी इंजिनिअरला दाखवून घेतलं. खणताना कळलं की पाणी निघायची भोकं, म्हणजे वीप होल, आधीच्या गवंड्याने "वाईट दिसतात" म्हणून सिमेंटने बुजवली होती. म्हणजे अर्धा आजार त्यानेच दिलेला. ती मोकळी केली, डांबराचे दोन हात मारले, 8 मिलिमीटरची डिंपल शीट फुगवटे भिंतीकडे करून लावली. तिच्यामागे 30 सेंटीमीटर खडी, खडीभोवती पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, तळाशी 1:100 उताराचा भोकांचा पाइप. कापडात काटकसर करू नका, मातीचे बारीक कण खडीत शिरले की सगळा खटाटोप पाण्यात.

दुसऱ्या महिन्यात पुढच्या बाजूला पांढरे क्षार आधीपेक्षा जास्त दिसायला लागले. दुकानदाराशी भांडायला फोन हातात घेतला होता. नंतर लक्षात आलं, भिंत वाळतेय. आत मुरलेलं पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर सोडून जातं. कोरड्या ब्रशने झाडले, पाणी मारलं नाही, कारण धुतले की ते विरघळून पुन्हा आत जातात. चौथ्या महिन्यात प्रकार थांबला. त्या दिवशी मी शीटला पाचपैकी पाच दिले असते.

आणि आता ही पट्टी. शीटच्या वरच्या कडेवर, भिंतीला टेकवून खिळ्यांनी बसवायची एक साधी प्लास्टिकची पट्टी असते. तिने फट बंद होते. ती रोलबरोबर येत नाही. मला वाटलं, एवढ्याशा कडेला काय होतंय, म्हणून वगळली. वर शीट मातीच्या पातळीलाच कापली, तीही चूक. परिणाम असा की प्रत्येक पावसात माती धुपून फटीत घसरते, फुगवट्यांमधून खाली जाते आणि तळाशी बसते. दोन भोकांतून पाणी मंद झालंय आणि भिंतीच्या पायथ्याशी वीतभर ओलीचा डाग परत दिसतोय.

दुकानदाराला विचारलं की ही पट्टी लागतेच, तर रोलसोबत का देत नाही? उत्तर मिळालं, "ती ॲक्सेसरी आहे, साहेब." कढईला तळ ॲक्सेसरी असतो का?

शांत डोक्याने विचार केला तर दोष शीटचा नाही, हे मान्य. डाग वीतभरच आहे, आधी कमरेपर्यंत ओल होती. तरीही ज्या वस्तूचं अर्धं काम एका पट्टीवर अवलंबून आहे, ती पट्टी वेगळी विकणं मला पटत नाही. एक तारा तिथेच कापला.

आता वरची हातभर माती काढायची, फटीतला गाळ पाण्याने धुऊन काढायचा. खाली कापलेली कड वर आणायला शीटचा जोडतुकडा लावायचा, मातीच्या वर चार बोटं राहील इतका, आणि मग पट्टी. पट्टी काल आणली. खिळे मात्र तिच्यासोबत येत नाहीत.