नव्या गाडीचे इंजिन वॉरंटीत दुरुस्त करून घेताना : पंधरा महिन्यांचा अनुभव

२०२४ च्या दसऱ्याला आम्ही ही गाडी घेतली आणि आज तिच्या मीटरवर २१,३०० किलोमीटर आहेत. त्यांतले पहिले ९,४०० किलोमीटर मूळ इंजिनावर झाले आणि उरलेले बदललेल्या इंजिनावर. तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल गाडी, ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू पडेल असे आहे : वॉरंटीत पैसे लागत नाहीत हे खरे, पण काम किती खोलवर होणार आणि दोष कोणाच्या माथी येणार हे त्याआधीच्या काही महिन्यांत जॉब कार्डवर (गाडी कामाला घेताना वर्कशॉप उघडते त्या नोंदीच्या कागदावर) काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहिले, यावर ठरते.

आम्ही साताऱ्यात राहतो आणि नोकरीनिमित्त मला आठवड्यातून दोनदा पुण्याला जावे लागते. जानेवारीत पहाटे निघताना एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. गाडी चालू असताना हीटरमधून गरम हवा येई, पण टोलनाक्यावर किंवा सिग्नलला थांबले की तीच हवा थंड होई आणि वेग घेतला की पुन्हा गरम. इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी असेल तर हीटरपर्यंत ते पुरेसे फिरत नाही आणि अगदी असेच होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येई, पण थंडीत ती सगळ्याच गाड्यांमधून येते, म्हणून तिकडेही दुर्लक्ष झाले. त्याच महिन्यात ५,००० किलोमीटरची सर्व्हिस झाली, तेव्हा अ‍ॅडव्हायझरने फोनवर संदेश पाठवला की कूलंट कमी होते, टॉप अप केले आहे. जॉब कार्डवर याचा उल्लेख नव्हता आणि मीही तो मागितला नाही.

मार्चमध्ये कूलंटच्या टाकीतली पातळी ‘मिन’ खुणेच्या बोटभर खाली गेली. मी गाडी पुन्हा नेली. नव्या इंजिनातली अडकलेली हवा निघून जाते तशी पातळी थोडी उतरते, काळजीचे कारण नाही, असे सांगून पुन्हा टॉप अप केले गेले, आणि पाच मिनिटांचे काम म्हणून या वेळी जॉब कार्डच उघडले नाही. आमच्या पेठेतल्या जुन्या मिस्त्रींना मी सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, खाली थेंब पडत नाही आणि कूलंट तर कमी होतंय, म्हणजे इंजिन ते पितंय. लिहून घ्या त्यांच्याकडून.” मी परीक्षांच्या कामात होते. ते लिहून घ्यायचे राहिले.

१९ एप्रिलच्या शनिवारी दुपारी पुण्याहून परतताना, सासूबाई सोबत असताना, खंबाटकीच्या चढावर तापमानाचा लाल दिवा लागला. मी गाडी लगेच डाव्या बाजूला घेऊन बंद केली. दोन-तीन जण पाण्याच्या बाटल्या घेऊन मदतीला आले. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मी बॉनेटखालच्या कोणत्याही झाकणाला हात लावू दिला नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते कूलंट अंगावर उडते, आणि तापलेल्या धातूत थंड पाणी गेले तर हेडला, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. याशिवाय तिसरे एक कारण होते, जे मला नंतर कळले : आपण स्वतः पाणी ओतले की वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. रस्त्यावरील मदतसेवेची गाडी दीड तासाने आली आणि आमची गाडी साताऱ्याच्या वर्कशॉपला गेली.

सोमवारी तपासणी झाली. कूलिंग सिस्टीमला हवेचा दाब देऊन पाहिला तर बाहेर कुठेही गळती नव्हती, पण दाब टिकत नव्हता. मग टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून इंजिन थोडा वेळ चालवले. जळलेल्या पेट्रोलचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर तो द्रव पिवळा होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो आधी हिरवट झाला आणि मग स्वच्छ पिवळा. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) यांमधला सांधा बंद ठेवणारी पातळ चकती, गेले होते, याबद्दल कोणाचे दुमत उरले नाही.

दुमत झाले ते कारणाबद्दल. कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याने कूलंटचा नमुना तपासला आणि त्यात पाण्याचे प्रमाण असायला हवे त्यापेक्षा बरेच जास्त आढळले. त्याचा पहिला निष्कर्ष असा की मालकाने साधे पाणी घातले, त्यामुळे इंजिन तापले, म्हणून हा बिघाड वॉरंटीत बसत नाही. मी कधीही पाणी घातले नव्हते. जे काही घातले गेले ते दोन्ही वेळा त्याच वर्कशॉपमध्ये. पण जॉब कार्डांत तसा एक शब्दही नव्हता. तिथे मला त्या जानेवारीच्या संदेशाने वाचवले. मी तो तारखेसह दाखवला, त्याची प्रत मेलने पाठवली आणि टॉप अप करताना कूलंट वापरले की पाणी, याचे लेखी उत्तर मागितले. शिवाय स्कॅनरवर दोष नोंदला गेला त्या क्षणाचे तापमान आणि वेग साठवलेले होते आणि त्यानंतर काही सेकंदांतच इंजिन बंद झाल्याचे दिसत होते. दिवा लागल्यावरही गाडी पळवली, हा आरोप त्यामुळे उभाच राहिला नाही. दोन दिवसांनी क्लेम मंजूर झाल्याचे कळले. तो संदेश नसता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

हेड उतरवताना मी हजर राहण्याची परवानगी मागितली आणि वर्क्स मॅनेजरने ती दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पहिल्या आणि तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा सारखा काळा थर होता. मधल्या पिस्टनचा माथा मात्र घासून धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख होता, कारण त्या सिलिंडरमध्ये कित्येक आठवडे कूलंट झिरपत होते आणि त्याच्या वाफेने काजळी धुऊन निघाली होती. गॅस्केटच्या पोलादी कड्यावर त्याच जागी नखाएवढा करपलेला डाग होता. मी त्याचे फोटो घेतले.

पहिली मंजुरी फक्त नवे गॅस्केट आणि हेडच्या फेसिंगसाठी (खालचा पृष्ठभाग घासून सपाट करण्यासाठी) आली. इथे मी अडून बसले आणि तसे केले नसते तर ही दुरुस्ती वर्षभरात पुन्हा करावी लागली असती, असे माझे ठाम मत आहे. सहा महिन्यांच्या गाडीचे गॅस्केट उगाच जळत नाही. त्याला घट्ट धरणाऱ्या दोन पृष्ठभागांपैकी एक तरी सरळ नसला पाहिजे. इंजिन तापल्याने हेड वाकले हे समजण्यासारखे होते, पण कूलंट तर इंजिन तापण्याच्या तीन महिने आधीपासून जात होते. म्हणून ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही मोजावा आणि मोजमाप जॉब कार्डवर लिहावे, अशी मी लेखी मागणी केली. टेक्निशियनने पोलादी सरळपट्टी ब्लॉकवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवली आणि तिच्याखालून फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) ठरावीक जाडीची पाती सरकवून पाहिली. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा ०.०५ मिलिमीटर होती. मधल्या सिलिंडरपाशी ०.१० चे पातेही सहज आत गेले. त्याने दुसऱ्यांदा मोजले, मॅनेजरना बोलावले आणि मग तिघांच्या समक्ष आकडे लिहिले गेले. त्या एका ओळीवर शॉर्ट ब्लॉक (पिस्टनसह इंजिनाचा खालचा भाग) आणि पूर्ण हेड असेंब्ली नवीन मंजूर झाली.

पुढचा काळ नुसता वाट पाहण्यात गेला. ब्लॉक येत नव्हता आणि केव्हा येईल हे कोणी सांगत नव्हते. एकोणिसाव्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घालून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला मेल लिहिला. तीन दिवसांनी तिकडून फोन आला आणि पार्टची तारीख कळली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही, आणि त्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. हे वाचून ठेवले होते म्हणून धीर होता. तिथवर जायची वेळ आली नाही.

गाडी ४७ दिवसांनी, ५ जूनला मिळाली. त्या काळातले दोन हप्ते भरले, टॅक्सीला सुमारे ३८,००० रुपये गेले आणि यांतले काहीही वॉरंटीत भरून मिळत नाही. पर्यायी गाडी मिळाली नाही. विम्याचाही उपयोग नव्हता, कारण यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत येत नाही आणि इंजिन प्रोटेक्ट हे कवच मुख्यतः पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीसाठी असते. नुकसानभरपाईऐवजी वॉरंटी २ वर्षे वाढवून मागितली, ती बऱ्याच पत्रव्यवहारानंतर मिळाली. हे मागायलाच हवे, कारण बदललेल्या भागांना सहसा नवी वॉरंटी मिळत नाही. मूळ वॉरंटीचे जे दिवस उरले असतील तेवढीच त्यांना लागू होते.

बिल शून्य रुपयांचे होते तरी मी प्रत्येक पार्टच्या क्रमांकासह ते मागून घेतले. हेडचे बोल्ट नवे आहेत ना, हे त्यात तपासले. या इंजिनाचे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लॉक बदलला की इंजिन क्रमांकही बदलतो, आणि तो आरसी, विमा या दोन्हींत दुरुस्त करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलल्याची माहिती चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. वर्कशॉपमध्ये हे मला कोणी आपणहून सांगितले नाही. कंपनीचे पत्र, बिल आणि नव्या क्रमांकाची पेन्सिल प्रिंट (कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा) घेऊन मी सातारच्या कार्यालयात गेले, निरीक्षकांनी गाडी पाहिली आणि तीन आठवड्यांत दुरुस्त आरसी हाती आली. हे राहून गेले असते तर पुढे अपघाताच्या क्लेममध्ये किंवा गाडी विकताना मोठी अडचण झाली असती.

त्यानंतर आठ महिने झाले. पहिले १,००० किलोमीटर इंजिन जपून चालवले आणि त्या टप्प्यावर ऑइल बदलून घेतले, तेही वॉरंटीत. इंजिन उतरवताना ढिल्या झालेल्या गोष्टींचा मात्र त्रास झाला : एसीचा गॅस कमी भरला होता, खालच्या कव्हरची एक क्लिप बसवलीच नव्हती, त्यामुळे ८० च्या वेगाला खडखड येई, आणि सबफ्रेम (इंजिनाखालची आधाराची चौकट) उतरवल्याने स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढत होते. तिन्ही गोष्टी दोन फेऱ्यांत दुरुस्त झाल्या, आणि दोन्ही फेऱ्यांना जॉब कार्ड उघडल्याशिवाय मी चावी दिली नाही. आता लिटरला साडेसोळाच्या आसपास सरासरी मिळते, चढावर ओढ उत्तम आहे आणि हीटर सिग्नललाही गरम असतो. कूलंटच्या टाकीवर मी मार्करने रेघ मारली आहे. दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना पाहते आणि पातळी त्या रेघेवरून हललेली नाही.

गाडी मला आवडते, आणि इंजिन बांधणाऱ्या त्या टेक्निशियनचे हात चांगले आहेत, हे मी मनापासून लिहिते. वाढीव वॉरंटीच्या प्रमाणपत्रावर अजून जुनाच इंजिन क्रमांक छापलेला आहे. तो बदलून मिळावा म्हणून मी तिसरा मेल गेल्या सोमवारी पाठवला आहे.